संगीताचा आश्रय : मिरज आणि दिल्ली

दिल्लीच्या पहाडगंजात मराठी मंडळींची नूतन मराठी शाळा आहे. बृहन्महाराष्ट्र भवनही तेथेच आहे. अशा परमुलखातील वस्तीत संगीताची गोष्ट निघाली म्हणजे ही विद्या उत्तरेची आणि महाराष्ट्राने ती उत्तरेकडून घेतली, असे सहज म्हटले जाते. हे म्हणणे खोटे नाही; पण ते अर्धे आहे. घेतलेली विद्या नांदविण्याचे आणि वाढवून परत पाठविण्याचे कार्य ज्या लहान गावांनी केले, त्यांचा हिशेब त्यात येत नाही. मिरज हे अशा गावांपैकी अग्रगण्य होय.

बेडग हे मिरजेजवळचे खेडे. तेथे 1849 मध्ये जन्मलेले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरास गेले, वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी शिकले आणि ती गायकी घेऊन परतले. त्यांच्या हाताखाली मिरजेत एक कुरुंदवाडचा मुलगा तयार झाला. फटाक्याने त्याच्या डोळ्यांस इजा झाली होती आणि उपचारासाठी तो मिरजेस आला होता. हाच मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकर. वैद्य, गुरू आणि अन्नवस्त्राची सोय करणारा संस्थानिक, हे तिघेही एकाच गावात भेटावेत, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. गावाची जी घडण होती, तिचेच ते फळ होते.

मात्र संस्थानी आश्रयास मर्यादाही होत्या. त्यात विद्येचे कौतुक होते, पण गवयाचे सामाजिक स्थान आश्रिताचेच राहत असे. पलुसकरांनी 1896 मध्ये मिरज सोडली आणि 5 मे 1901 रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. दरबाराऐवजी लोकाश्रयावर विद्या उभी करावयाची, हा त्यामागील विचार होता. मिरजेतच 1898 मध्ये जन्मलेले विनायकराव पटवर्धन हे त्यांचे शिष्य, आणि विनायकरावांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य. मौद्गल्यांनी 1939 मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. म्हणजे ग्वाल्हेरहून मिरजेस आलेली विद्या लाहोरचा फेरा करून राजधानीत पोहोचली.

उलट दिशेचा प्रवासही तितकाच अर्थपूर्ण आहे. दिल्लीच्या उत्तरेस असलेल्या कैराना गावचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थिरावले. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म 1905 मध्ये मिरजेतच झाला. 1937 मध्ये प्रवासात मद्रासजवळ खाँसाहेबांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा देह मिरजेस आणून ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणाऱ्या उत्सवात गवई ‘हजेरी’ लावतात. हजेरी हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. बिदागीचा विचार तेथे गौण ठरतो. नामवंत आणि नवखा एकाच श्रद्धेने गातात आणि श्रोत्यास तिकीट लागत नाही.

गायक मोठा झाला की गावाबाहेर जातो. वाद्य घडविणारा मात्र गावातच राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेतील हत्यारे घडविणाऱ्या शिकलगार घराण्यांतून फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढे भागातील भोपळा आणावयाचा, तो वाळवावयाचा, लाकडाशी जोडावयाचा आणि शेवटी जवारी अशी काढावयाची, की तारेचा स्वर नुसता वाजून न थांबता फुलत राहावा, ही विद्या पुस्तकाने येत नाही. ती एकाच गल्लीत बापाकडून मुलाकडे जाते. मिरजेची सतार आणि तंबोरा यांस 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नाव सुरक्षित होईल. हात सुरक्षित होण्यास मात्र वाद्य मागणारा विद्यार्थी आणि त्या श्रमाचे मोल देणारा ग्राहक हवा.

1948 मध्ये संस्थान विलीन झाले, तरी मिरजेचे संगीत थांबले नाही. याचे कारण आश्रय केवळ राजवाड्यात नव्हता. तो दर्ग्यात, शिक्षकाच्या ओसरीवर आणि सतारमेकरांच्या गल्लीतही वाटला गेला होता. ज्या गावात संगीताचा एकच आधार असतो, तेथे तो आधार जाताच संगीतही जाते. कलावंताचा सत्कार करणे हे आश्रयाचे शेवटचे आणि सर्वांत सोपे अंग होय. आपल्या वस्तीतील शिकविणारा, वाद्य दुरुस्त करणारा आणि पहिल्यांदाच बैठकीस बसणारा यांना ओळखणे, हे त्याचे पहिले अंग. पहाडगंजासारख्या महानगरी वस्तीसही मिरजेपासून घेण्याजोगे आहे ते हेच.