मातीतले जिवाणू डीएनएवरून कसे ओळखतात? १६एस टेस्ट सोप्या भाषेत

चमचाभर शेतमातीत अब्जावधी जिवाणू असतात, आणि त्यातले बहुतेक लॅबमधल्या बशीत वाढतच नाहीत. म्हणून आता त्यांना वाढवण्याऐवजी मातीतून थेट डीएनए काढून वाचतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे मला यातला डेटाचा भाग जास्त इंटरेस्टिंग वाटतो. तोच आज समजून घेऊ.

१६एस म्हणजे काय?

प्रत्येक जिवाणूत १६एस नावाचं जीन असतं. त्याची लांबी साधारण १५०० अक्षरं. त्याचे काही भाग सगळ्यांत जवळपास सारखे असतात, तर नऊ भाग बदलते असतात. सारख्या भागामुळे ते जीन पकडता येतं आणि बदलत्या भागावरून जिवाणू ओळखता येतो. बारकोडच म्हणा ना! याच जीनच्या कुळातल्या आरएनएची तुलना करून कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये आर्किया हा वेगळा गट दाखवून दिला. बुरशीत १६एस नसतं, तिच्यासाठी आयटीएस हा वेगळा भाग वाचतात.

टेस्ट कशी होते?

१. शेतात अनेक ठिकाणची माती घेऊन एकत्र करतात आणि थंड ठेवतात.
२. डीएनए काढून पीसीआरने १६एसच्या लाखो कॉपी बनवतात.
३. सिक्वेन्सर ती अक्षरं वाचून फास्टक्यू फाईल देतो. ही साधी टेक्स्ट फाईल असते, दर तुकड्याला चार ओळी. शेवटच्या ओळीत प्रत्येक अक्षर किती खात्रीचं आहे ते असतं.
४. डाडा-२ सारखं सॉफ्टवेअर वाचनातल्या चुका काढतं.
५. उरलेले तुकडे सिल्वा या डेटाबेसशी जुळवून नावं लावतात. क्वाइम-२ मध्ये हे सगळं एकत्र करता येतं, आणि ते फुकट आहे.

टक्के वाचताना सांभाळा

माझ्या काकांनी मातीचे असे दोन रिपोर्ट मला व्हॉट्सअॅपवर पाठवले आणि विचारलं, "अरे, रायझोबियम निम्म्यावर आलंय म्हणतायत. कल्चर विकत घेऊ का?" मी म्हटलं, काका, यावरून तसं म्हणताच येत नाही.

का? समजा आधी एकूण १ कोटी जिवाणू होते, त्यात रायझोबियम १० लाख. म्हणजे १० टक्के. शेणखत टाकल्यावर दुसरे जिवाणू वाढले आणि एकूण २ कोटी झाले. रायझोबियम तेवढंच राहिलं, पण रिपोर्टमध्ये ५ टक्के दिसणार! हा रिपोर्ट फक्त वाटा सांगतो, संख्या नाही. संख्येचा अंदाज हवा तर क्यूपीसीआर ही वेगळी टेस्ट लागते.

अजून तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- मेलेल्या जिवाणूंचा डीएनएसुद्धा मातीत टिकतो आणि मोजला जातो.
- काही जिवाणूंत १६एसची एकच कॉपी असते, काहींत दहाच्या वर. त्यामुळे वाटाही थोडा फसवा असतो.
- नावावरून काम कळत नाही. रायझोबियमच्या एकाच जातीतले काही गाठी बनवतात, काही नाही. कामाची जीन बघायची तर सगळा डीएनए वाचावा लागतो. त्याला शॉटगन मेटाजीनोमिक्स म्हणतात, आणि ते महाग पडतं.

मग रिपोर्ट आला तर काय करायचं?

आधी विचारा: किती ठिकाणची माती घेतली? दोन्ही वेळा लॅब आणि पद्धत एकच होती का? टक्के आहेत की संख्या? आणि हरभरा उभा असेल तर फुलोऱ्याच्या सुमारास दोन-चार रोपं मातीसकट अलगद खणून काढा. मुळावरच्या गाठी फोडून बघा. आतून गुलाबी-लाल असतील तर नत्र बांधायचं काम चालू आहे. पांढऱ्या किंवा हिरवट असतील, किंवा गाठीच नसतील, तर कल्चरबद्दल कृषी विज्ञान केंद्रात जरूर विचारा. या तपासणीला एक रुपयाही लागत नाही.