एका नावाचे अनेक आजार



‘स्तनाचा कर्करोग’ हा शब्द आपण नेहमी एकवचनी वापरतो. तिला तो झाला होता, तिची आई त्यानंच गेली, असं म्हणतो. मग दोघींची तुलना सुरू होते. एकीचं ऑपरेशन झालं, नंतर नुसत्या गोळ्या, आणि दहा वर्षं झाली तरी ती शेतात राबतेय. दुसरीनं केमो घेतली, सगळं पथ्यपाणी केलं, तरी दोन वर्षांत आजार उलटला. लोक म्हणतात, ज्याचं त्याचं नशीब. कुणी तर असंही म्हणतं की हिनंच हयगय केली असेल. या ‘नशिबा’च्या आत नेमकं काय होतं, हे माणसाला कसं कळत गेलं, ते आज सांगायचं आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वीचा हिशोब साधा होता. आजार एकच आहे, तो जागेवरून पसरतो, म्हणून जितकं जास्त कापून काढाल तितकं बरं. अमेरिकेत बाल्टिमोरचे सर्जन विल्यम हॉल्स्टेड स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढून टाकत. ही पद्धत पुढं कित्येक दशकं चालली. त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या डॉ. जॉर्ज बीटसन यांनी आजार खूप पुढं गेलेल्या बायकांची बीजांडं काढून पाहिली. त्यानं गाठी आकसतात, असं त्यांनी १८९६ साली लिहिलं. पुढं इतरांनीही करून पाहिलं, तेव्हा काही जणींना गुण आला, बऱ्याच जणींना आला नाही. असं का, याचं उत्तर कुणाकडं नव्हतं.

ते उत्तर साठेक वर्षांनी शिकागोत एल्वुड जेन्सन यांच्या प्रयोगशाळेत मिळू लागलं. बीजांडातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक पाझरतं. ते पकडून ठेवणारं एक प्रथिन काही पेशींत असतं, काहींत नसतं. कुलूप असेल तरच किल्लीचा उपयोग. ज्या गाठीत हे कुलूप आहे, ती इस्ट्रोजेनवर पोसली जाते. ते तोडलं की ती सुकते. पुढं टॅमॉक्सिफेनची गोळी आली. मुळात ती संततिनियमनासाठी शोधलेली, त्या कामी अपयशी ठरलेली. १९७७ साली अमेरिकेत तिला स्तनाच्या कर्करोगासाठी परवानगी मिळाली. बीजांडं काढण्याऐवजी त्या कुलपातच अडसर घालता येऊ लागला.

१९८७ साली लॉस एंजेलिसचे डॉ. डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १८९ गाठी तपासल्या. त्यांतल्या सुमारे ३० टक्के गाठींत हर-टू नावाच्या जनुकाच्या जास्तीच्या प्रती निघाल्या. अशा बायकांचा आजार लवकर उलटत होता. त्या जनुकाच्या प्रथिनावर नेमका वार करणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ साली मंजूर झालं.

इथवर शास्त्रज्ञ एकेक जनुक, एकेक प्रथिन शोधत होते. खरी उडी पुढं आहे.

आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत सगळीच्या सगळी जनुकं असतात. समजा, गावातल्या प्रत्येक घरात पाककृतींची एकच वही आहे. म्हणून प्रत्येक घरात रोज तेच शिजतं का? नाही. कुणाकडं आज पिठलं, कुणाकडं पुरण. यकृताची पेशी आणि कातडीची पेशी वेगळी होते ती वहीमुळं नाही, कोणती पानं वापरात आहेत त्यामुळं. जनुक वापरात येणं, म्हणजेच व्यक्त होणं. गाठीतही हेच पाहायचं होतं: कोणती जनुकं जोरात चालू आहेत, कोणती बंद पडली आहेत.

१९९५ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पॅट्रिक ब्राउन यांच्या प्रयोगशाळेनं त्यासाठी एक साधन तयार केलं. काचेच्या पट्टीवर हजारो बारीक ठिपके, प्रत्येक ठिपक्यात एका जनुकाचा तुकडा. त्यावर गाठीतला, रंग लावलेला नमुना सोडायचा. जे जनुक जास्त चालू, तो ठिपका लाल. जे कमी, तो हिरवा. एका वेळी हजारो जनुकांची हजेरी.

ऑगस्ट २००० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात चार्ल्स पेरू, नॉर्वेच्या थेरेसे सोर्ली आणि सहकाऱ्यांचा निबंध छापून आला. त्यात ४२ व्यक्तींचे ६५ नमुने होते आणि आठ हजारांवर जनुकं पाहिली होती. यांतल्या वीस गाठींचा तुकडा दोनदा घेतला होता: एकदा केमोच्या आधी आणि पुन्हा साधारण सोळा आठवड्यांच्या उपचारानंतर. संगणकानं नुसत्या साम्यावरून नमुने जुळवले, तेव्हा वीसपैकी पंधरा जोड्या एकमेकींच्या अगदी शेजारी बसल्या. इतकं जहाल औषध घेऊनही गाठीची ओळख पुसली गेली नव्हती. एका बाईची गाठ दुसरीच्या गाठीपेक्षा वेगळी होती, आणि ती वेगळीच राहिली. दोन-दोनदा तुकडा देणाऱ्या त्या बायकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. हे ज्ञान त्यांच्यामुळं मिळालं.

या जुळवाजुळवीतून गाठींचे गट दिसले. पुढच्या वर्षी ते अधिक स्पष्ट झाले: इस्ट्रोजेनवर पोसणारे ल्युमिनल ए आणि ल्युमिनल बी, हर-टूचा गट आणि बेसल गट. गट वेगळा, तसं पुढचं आयुष्यही वेगळं. ल्युमिनल ए सगळ्यांत सौम्य. बेसल आणि हर-टू आक्रमक. पाचवा, ‘सामान्यासारखा’ गटही मांडला होता. पण त्या नमुन्यांत निरोगी ऊतीच जास्त आली असावी, अशी शंका पुढं घेतली गेली.

याचा उपयोग काय? केमो कुणाला नको, हे ठरवणं. २००२ साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी ७० जनुकांवरून धोका मोजला. अमेरिकेत २१ जनुकांची चाचणी आली. तिच्यावर दहा हजारांहून जास्त बायकांचा मोठा अभ्यास झाला आणि २०१८ साली निकाल आला. संप्रेरकावर पोसणारी गाठ, काखेत पसरलेली नाही आणि चाचणीचे गुण मधले, अशा बहुतेकींना केमोशिवाय नुसत्या संप्रेरक-उपचारानं तितकाच फायदा झाला. पन्नाशीच्या आतल्या काही जणींना मात्र केमोचा थोडा उपयोग दिसला. केस जाणं, उलट्या, रोज बुडणं, कर्ज, हे सगळं हजारो जणींचं टळू शकतं.

पण ही चाचणी महाग आहे. शिवाय सुरुवातीच्या त्या गाठी बहुतांश गोऱ्या बायकांच्या होत्या. २००६ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात दिसलं, की पाळी सुरू असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांपैकी ३९ टक्के बेसल गटातल्या होत्या. इतर वंशांच्या रुग्णांत हे प्रमाण १६ टक्के होतं. बेसलशी बराच जुळणारा, तिन्ही तपासण्या निगेटिव्ह येणारा आजार आपल्याकडंही पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो. आपल्या बायकांच्या गाठींचा अभ्यास आपल्याकडंच व्हायला हवा, तो यासाठी.

महागडी चाचणी नसली, तरी या इतिहासाचा अर्क साध्या रिपोर्टवर तीन ओळींत असतो: ईआर, पीआर आणि हर-टू. म्हणून मैत्रिणींनो, कुणाची गाठ काढली तर पहिला प्रश्न विचारा, ती तपासणीला पाठवली का? अजूनही काही ठिकाणी गाठ काढून टाकून देतात. दुसरा प्रश्न, या तीन तपासण्या झाल्या का? आणि ज्या मेणाच्या ठोकळ्यात तुकडा जपून ठेवतात, तो ठोकळा कुठं आहे ते विचारून ठेवा. दुसऱ्या दवाखान्यात जायचं झालं तर तो मागून घ्या.

शेजारणीला जे औषध लागू पडलं, ते आपल्याला पडेलच असं नाही. आणि तिला पडलं नाही, यात तिची हयगय नव्हती. तिचा आजारच वेगळा होता.