वलगणीचा निरोप आणि माशाचे बीज



मी शास्त्रज्ञ नाही. माझे शाळेतले शिक्षण नववीत थांबले; पुढचे जे काही आहे ते भिवंडीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात मिळालेले. तेव्हा माशांची संप्रेरके आणि त्यांची पैदास या विषयावर हा मनुष्य बोलायला का उभा राहिला, अशी शंका कोणाला आली तर ती रास्तच म्हणावी लागेल. तिचे उत्तर वज्रेश्वरीच्या पायथ्याशी वाहणाऱ्या तानसेत आहे.

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला, ओहोळ गढूळ होऊन धावू लागले, की मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात आणि थेट भातखाचरांपर्यंत येतात. आपण याला वलगण म्हणतो. लहानपणी आम्हीही कंदील आणि कोयते घेऊन रात्रभर वलगणीला जात होतो. मादी चिरली की पोटात गच्च गाभोळी निघे. मासे अंडी घालण्यासाठी चढतात, हे आमच्या बापजाद्यांना ठाऊक होते. पण पावसाचा निरोप माशाच्या शरीराला कळतो कसा, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही.

तो प्रश्न मला पडला चाळिशीत. काम सुटलेल्या काही माग-कामगारांनी गावाकडचे एक तळे ठेक्याने घेतले आणि एका विक्रेत्याकडून रोहू-कटल्याचे म्हणून बीज आणले. वर्षभर भुसा आणि पेंड घातली. जाळे ओढले तेव्हा निम्म्याहून अधिक निघाली ती कवडीमोलाची मिसळ. ठेक्याची रक्कम अंगावर आली. त्या बैठकीत एका म्हाताऱ्या मासेमाराने विचारले, "साहेब, जे थोडे रोहू वाढले त्यांच्या पोटात गाभोळी आहे. मग आपल्याच तळ्यात पिल्ले का होत नाहीत? दरसाल बीज विकत कशाला घ्यायचे?" मला उत्तर देता आले नाही. ते शोधता शोधता जो इतिहास हाती लागला तो आज आपल्यापुढे ठेवतो.

रोहू, कटला आणि मृगल हे मूळचे उत्तरेकडील मोठ्या नद्यांचे मासे. तळ्यात ते उत्तम वाढतात, मादीच्या पोटात अंडीही भरतात; पण साचलेल्या पाण्यात ती अंडी टाकीत नाही. म्हणून पूर्वी पुराच्या दिवसांत नद्यांतून बीज गाळून घेत आणि मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेने दूरच्या प्रांतांत पाठवीत. त्यात चांगल्या माशांबरोबर नको त्या जातींचीही पिल्ले येत. आमच्या तळ्यात जे घडले ते त्या काळी देशभर घडत होते.

अडचणीचे मूळ माशाच्या मेंदूखाली होते. तेथे मोहरीच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिला पीयूषिका म्हणतात. वाहते नवे पाणी, पाऊस, निवळलेला उष्मा या साऱ्यांची जाणीव मेंदूला झाली की तो या ग्रंथीला इशारा देतो, ग्रंथी रक्तात संप्रेरक सोडते आणि पक्व अंडी सुटतात. वलगणीचा निरोप पोहोचवणारा जासूद हाच. तळ्यात निरोपच येत नाही म्हणून जासूद निघत नाही.

अर्जेंटिनाच्या हौसे यांनी 1930 च्या सुमारास माशांना पीयूषिकेचा अर्क टोचून त्याचा परिणाम पाहिला. पुढे ब्राझीलमध्ये नदीतील माशांची पैदास या रीतीने होऊ लागली. आपल्याकडे पंजाबात हमीद खान यांनी 1938 मध्ये मृगल माशावर सस्तन प्राण्यांच्या ग्रंथीचा प्रयोग करून पाहिला. पण रीत हाती आली ती स्वातंत्र्यानंतर, हिरालाल चौधुरी यांच्या हातून.

चौधुरींचा जन्म 1921 चा, सिल्हेटकडचा. फाळणीत ती भूमी सरहद्दीपलीकडे गेली. बराकपूरच्या केंद्रीय मत्स्यसंशोधन संस्थेत ते नोकरीला लागले आणि माशांच्या पैदाशीच्या प्रश्नामागे लागले. सहकारी होते के. एच. अलीकुन्ही. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अनगुळ येथे पीयूषिकेचा अर्क टोचलेल्या माशांनी बांधलेल्या पाण्यात अंडी दिली. त्याच दिवसाची आठवण म्हणून 10 जुलै हा आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो.

रीत ऐकायला सोपी आहे. बाजारातल्या पक्व माशाचे डोके फोडून ग्रंथी काढायची, ती मद्यार्कात टिकवायची, तोलून घोटायची आणि तिचा अर्क जिवंत माशाच्या स्नायूत टोचायचा. मादीला आधी थोडी मात्रा, पाच-सहा तासांनी मोठी. नराला त्या दुसऱ्या वेळी एकदाच. मग दोघांना तळ्यात बांधलेल्या कापडी हाप्यात सोडायचे. आणखी काही तासांत अंडी पडतात आणि पंधरा-अठरा तासांत पिल्ले बाहेर येतात. मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजायची. कमी पडली तर काही होत नाही, जास्त झाली तर मासा दगावतो. हा हिशेब बसवण्यात माणसांची वर्षे गेली आहेत. पुढे 1980 नंतरच्या काळात कॅनडाचे पीटर आणि चीनचे लिन यांनी दाखवले की मेंदूत या जासुदाला अडवणारेही एक द्रव्य असते. इशारा देणारे कृत्रिम संप्रेरक आणि अडवणाऱ्याला रोखणारे औषध यांचे तयार मिश्रण तेव्हापासून मिळू लागले आणि डोकी फोडण्याचे काम बरेचसे सरले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. सी. व्ही. कुलकर्णी या शास्त्रज्ञाने 1940 मध्ये मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील खाड्यांतून एका बोटाच्या पेराएवढ्या, आरपार दिसणाऱ्या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले. तो इतका वेगळा निघाला की त्याच्यासाठी नवे कुलच मांडावे लागले. त्याचे नाव होरा आणि सेटना या दोन ज्येष्ठ मत्स्यतज्ज्ञांवरून ठेवले. कुलकर्णी पुढे सरकारी मत्स्यव्यवसाय खात्याच्या संचालकपदापर्यंत गेले. पण त्यांच्या उत्तरायुष्याचे काम लोणावळ्याचे. खोपोलीच्या वीजघरासाठी टाटांनी घाटमाथ्यावर तलाव बांधले, आणि 1915 पासून ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. म्हणजे त्या पाण्याशी आम्हा कामगारांचे जुने नाते आहे. त्यांपैकी वळवण तलावाच्या काठी कुलकर्णी आणि शशांक ओगले यांनी महाशीर माशाची पैदास हाती घेतली. हा मासा साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळामुठेवरून जगाला कळवला होता. कुलकर्णींनी त्याची अंडी व पिल्लांची वाढ 1971 मध्ये मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात वर्णिली आणि 1978 मध्ये दोघांनी कृत्रिम पैदाशीची हकीकत मांडली. 1986 मध्ये पीयूषिकेची सुई महाशीरलाही चालते, हे त्यांनी नोंदवले. रोहूची अंडी लाखांनी, महाशीरची हजारांनी. आणि ती उबायला अडीच-तीन दिवस लागतात. घाईच्या माणसाचे हे काम नव्हे. 1940 पासून 1986 पर्यंत हा गृहस्थ माशाचे अंडे निरखीत राहिला!

येथे टाळ्या वाजवून थांबता आले असते, पण इतिहास तेथे थांबला नाही. लोणावळ्याची महाशीरची पिल्ले देशातील इतर नद्यांत सोडली गेली, कावेरीतही. कावेरीत मूळचा मोठ्या पाठीचा महाशीर होता. बाहेरून आलेला वाढला आणि मूळचा हटत गेला, असे अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवले. 2018 मध्ये त्या मूळच्या माशाची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली. हेतू वाईट नव्हता. बीज कसे करावे हे आपण शिकलो. ते कोणत्या पाण्यात सोडावे, हे विचारायचे मात्र राहून गेले.

म्हणून त्या म्हाताऱ्या मासेमाराला मी पुढच्या बैठकीत दोन उत्तरे दिली. पहिले असे की, आपल्या तळ्यातही पिल्ले होऊ शकतात. त्याला सुई, स्वच्छ वाहते पाणी आणि शिकलेला हात लागतो, आणि तो हात आपल्यातल्याच कोणाचा तरी असावा. त्याप्रमाणे दोन पोरांना आम्ही प्रशिक्षणाला पाठवले. आता बीज घेताना ते पिल्ले ताटलीत ओतून जात ओळखून घेतात, आणि फसवणूक थांबली आहे. दुसरे उत्तर मी स्वतःलाच दिले. सुईने तळ्याला वलगणीचा निरोप देता येतो, पण नदीला वलगण परत देता येत नाही. रोहूचे बीज विकत मिळते. आमच्या ओहोळातल्या मळ्यांचे आणि खवल्यांचे बीज कोठल्याच दुकानात नाही. ते गाभोळीतच असते.

मृग आता महिन्या-दीड महिन्यावर आला आहे. यंदा कंदील घेऊन ओहोळावर जाल तेव्हा चढणाऱ्या माद्यांना वाट द्या, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.