मोलोकाईची परिचारिका : मदर मॅरिअन कोप

रुग्णालयातील परिचारिकेस ‘सिस्टर’ म्हणण्याचा मराठीतील प्रघात इंग्रजीमार्गे आलेला असला, तरी त्याचे मूळ ख्रिस्ती धर्मभगिनींच्या शुश्रूषाकार्यात आहे. ह्या दृष्टीने मदर मॅरिअन कोप (१८३८–१९१८) ह्यांचे चरित्र विचारात घेण्याजोगे आहे. जर्मनीत जन्मलेल्या व अमेरिकेतील युटिका येथे कारखान्यात राबून कुटुंबास हातभार लावणाऱ्या मॅरिअन १८६२ साली सिरॅक्यूजच्या फ्रान्सिस्कन भगिनीसंघात दाखल झाल्या. पुढे सेंट जोसेफ रुग्णालयाची व्यवस्था पाहताना त्यांनी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस प्रवेश दिला. मात्र विद्यार्थ्याकडून तपासून घेण्यास नकार देण्याचा रुग्णाचा अधिकारही राखला. त्या काळी ही अट सामान्य नव्हती.

हवाई बेटांत १८६५ च्या कायद्याने कुष्ठरोग्यांस सक्तीने विलग केले जाई. हवाईयन भाषेत ह्या रोगास ‘ताटातूट करणारा आजार’ असे एक नाव पडले. म्हणजे नामकरण लक्षणांवरून नव्हे, तर राज्याच्या उपाययोजनेवरून झाले! १८८३ मध्ये तेथील शासनाच्या विनंतीवरून मॅरिअन सहा भगिनींसह होनोलुलूस गेल्या. काकाआको येथील रुग्णालयात रुग्णांचा छळ होत असल्याचे आढळताच, एकतर व्यवस्थापकास दूर करावे अथवा आम्हांस परत जाऊ द्यावे, असे त्यांनी शासनास बजावले. व्यवस्थापक गेला. १८८५ मध्ये रुग्णांच्या निरोगी मुलींसाठी त्यांच्या पुढाकाराने निवासगृह उघडले. निवारा देणारी ही संस्था व ताटातूट करणारा कायदा एकाच व्यवस्थेची अंगे होती, हे नजरेआड करता येत नाही.

१८८८ मध्ये त्या मोलोकाईवरील कालाउपापा येथे गेल्या. फादर डेमियन पुढील एप्रिलमध्ये कुष्ठरोगानेच निवर्तले. हानसेन ह्याने १८७३ मध्येच रोगजंतू दाखविला होता. परंतु गुणकारी औषध १९४० नंतरच्या दशकात आले. तोवर शुश्रूषा हाच उपचार होता. जखमा धुणे, मलमपट्टी, आणि प्रत्येक वेळी हात धुण्याचा काटेकोर नियम. त्यांच्या हयातीत एकाही भगिनीस रोगाची बाधा झाली नाही. भाविक चरित्रकार आत्मत्यागावर भर देतात. वस्तुतः हा शिस्तीचा परिणाम मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. रोग स्वभावतः फारसा सांसर्गिक नाही, हेही खरे.

मुलींना शिवणकाम शिकविणे, बागा लावणे ही कामे त्यांनी शुश्रूषेइतकीच महत्त्वाची मानली. सिरॅक्यूजला त्या परत गेल्याच नाहीत. ९ ऑगस्ट १९१८ रोजी कालाउपापा येथेच त्यांचे निधन झाले. २०१२ मध्ये चर्चने त्यांस संतपद दिले. सक्तीच्या विलगीकरणाचे धोरण मात्र हवाईत १९६९ पर्यंत टिकून होते.