ठोशाचा नाट्यधर्मी आवाज

प्रत्यक्ष मारामारीत ठोशाचा आवाज दबका असतो. पडद्यावर मात्र तो ‘ढिशुम’ असाच वाजावा लागतो. या अपेक्षेचा इतिहास बऱ्याच अंशी तांत्रिक आहे. १९६०-७०च्या दशकांत हिंदी चित्रपटांत अ‍ॅरिफ्लेक्ससारखे हलके, पण घरघरणारे कॅमेरे रुळले. चित्रीकरणस्थळीचा ध्वनी निरुपयोगी ठरला आणि संवादांपासून पावलांपर्यंत सारे काही नंतर बंद खोलीत नव्याने घडवले जाऊ लागले. रिकाम्या ध्वनिपट्टीवर वास्तवाचे बंधन कसले? कोकणातून मुंबईत आलेल्या प्रेक्षकाला तरी ते खटकण्याचे कारण नव्हते. दशावतारातल्या युद्धाला झांज-पखवाजाची साथ त्याने लहानपणापासून ऐकलेली होती. भरताच्या परिभाषेत हा लोकधर्मी नव्हे, नाट्यधर्मी आवाज.

‘लगान’ने (२००१) चित्रीकरणासोबतच्या ध्वनिमुद्रणाला पुन्हा प्रतिष्ठा दिली. मात्र मधल्या काळात एक गोष्ट गमावली गेली. तेव्हा अंधेरीच्या रस्त्यांवर चित्रित झालेल्या दृश्यांत अंधेरी दिसते, पण ऐकू येत नाही: तिची लोकल, तिचे कावळे, पत्र्यावरचा तिचा पाऊस. उपनगराच्या इतिहासकाराला त्या चित्रपटांतून रूप मिळते. ध्वनी त्याला अन्यत्र शोधावा लागतो.