वस्तऱ्याचा वारसा आणि आपल्या कन्या

आपल्या व्यवसायाचा इतिहास केवळ वस्तऱ्याच्या धारेचा नाही; तो विवेकाचाही आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार झाला. मिळकतीवर पाणी सोडून स्त्रीचा मान राखणाऱ्या त्या बांधवांचे आपण वारस आहोत. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातील हासूर सासगिरीच्या शांताबाई यादव यांनी पतिनिधनानंतर स्वतः वस्तरा हाती घेऊन मुलींना वाढविले.

आज आर्णीतील आपल्या कन्येस सौंदर्यप्रसाधनाची विद्या घ्यावयाची असल्यास मार्ग कोणता? घरच्या दुकानी हात बसतो. परंतु त्वचेचे गुणधर्म, रसायनांचे परिणाम व हत्यारांचे निर्जंतुकीकरण हे ज्ञान तेथे आपोआप येत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत आपल्या व्यवसायाचा अंतर्भाव आहे. तिचे प्राथमिक शिक्षण ५ ते ७ दिवसांचे. ते चालत्या हातास बळ देईल, नवा हात घडविणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम मात्र १ वर्षाचा आहे. त्यासाठी आर्णीबाहेर राहावे लागले, तरी आमच्या मते तोच मार्ग श्रेयस्कर.

मुलाच्या दुकानासाठी कर्ज काढणारे आपण मुलीच्या एका वर्षासाठी हात आखडता का घ्यावा? १८९० साली पूर्वजांनी स्त्रीच्या मानासाठी वस्तरा खाली ठेवला. आज तिच्या हाती विद्या देणे हेच त्यांचे खरे स्मरण होय.