मावळातील वाघ : दर्शने व नोंदी

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात आणि लोणावळा–खंडाळा घाटमाथ्यावर पट्टेरी वाघ दिसल्याचे, त्याची डरकाळी ऐकल्याचे किंवा त्याने गुरे मारल्याचे अधूनमधून सांगितले जाते; त्या सांगण्याची व त्यामागच्या पुराव्याची ही नोंद. राष्ट्रीय व्याघ्रगणनेच्या अहवालांत मावळ हे वाघांचे क्षेत्र म्हणून येत नाही. बिबट्या व तरस यांचा वावर मात्र वनखात्याला मान्य आहे. स्थानिक सांगणे आणि सरकारी दप्तर यांत या बाबतीत एकवाक्यता नाही.

प्रदेश : तालुक्याचे ठिकाण वडगाव. आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ हे तीन खोऱ्यांचे परंपरागत भाग. पश्चिमेला सह्याद्रीची धार, तिच्या पलीकडे कोकणात तुटलेले कडे. लोणावळ्याची उंची सुमारे ६२५ मीटर. पाऊस दांडगा, खाली भातखाचरे, उतारावर माळ व कारवी, घळींत व देवरायांत दाट झाडी. वस्ती मराठा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी आणि माथ्यावरच्या धनगरवाड्यांची. वनखात्याच्या पुणे विभागातली वडगाव मावळ व शिरोता ही वनपरिक्षेत्रे येथे येतात.

पूर्वीच्या नोंदी : १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्हा गॅझेटिअरात पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातल्या रानटी जनावरांत वाघाचा समावेश आहे. त्यामुळे वाघ इथे कधी नव्हताच, असे म्हणता येत नाही. तो केव्हा संपला एवढाच प्रश्न उरतो. हिंस्र जनावर मारणाऱ्याला ब्रिटिश अमदानीत बक्षीस मिळे आणि रोख रक्कम द्यायची म्हणून त्याची नोंद होई. परिणामी जुन्या कागदांत मारलेला वाघ सापडतो, जिवंत सापडत नाही. रानही एकेकाळी दाट होते : कुरवंडे घाटाच्या खालच्या उंबरखिंडीत फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाची फौज कोंडली, ती दाट रानाच्याच आधाराने. ते रान पुढे विरळ झाले. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. टाटांच्या खोपोली वीजकेंद्रासाठी वळवण, शिरोता व लोणावळा ही तळी झाली आणि १९१५ पासून वीज मिळू लागली. आंद्रा खोऱ्यातले ठोकरवाडी धरण १९२२ च्या सुमाराचे, पवना धरण १९७० च्या दशकातले. खोऱ्यांचे तळ, म्हणजे सांबर, भेकर व रानडुकरांची चराईची जागा, पाण्याखाली गेले. वाघाच्या माघारीचे कारण शोधताना बंदुकीइतकेच या पाण्याकडेही पाहायला हवे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्थलनामे व देवस्थाने : पवना जलाशयात बुडालेले व उन्हाळ्यात पाणी उतरले की उघडे पडणारे वाघेश्वराचे मंदिर, तैलबैला परिसरातून कोकणात ठाणाळ्याकडे उतरणारी वाघजाईची घाटवाट (ही मुळशी तालुक्यात), सह्याद्रीच्या वाड्यावस्त्यांवरची वाघजाईची व वाघोबाची ठाणी. वाघोबाच्या लाकडी वा दगडी फळीवर वाघाबरोबर सूर्य-चंद्र कोरलेले आढळतात, शेंदूर लावलेला असतो. आश्विन वद्य द्वादशीची वाघबारस गुराखी समाजांत पाळली जाते. या देवतेपुढे वाघ व बिबट्या असा भेद नाही. म्हणून देवस्थान हा पट्टेरी वाघाचा पुरावा धरता येत नाही, मोठ्या मांजराशी असलेल्या जुन्या सहवासाचा धरता येतो. लोणावळ्याच्या टायगर पॉइंटचे नाव कड्याच्या आकारावरून पडले असे सांगतात.

दर्शनांचे स्वरूप : सांगणारे बहुधा तीन प्रकारचे. पहाटे गुरे सोडणारा शेतकरी वा धनगर. रात्री घाटरस्त्याने जाणारा वाहनचालक. बंगल्याच्या आवारातला रखवालदार. पावसाळा सरल्यावर गवत उंच असते व भातकापणीसाठी माणसे शेतात असतात, तेव्हा गाठ पडण्याचा संभव वाढतो. तालुक्यात बिबट्यालाही सर्रास ‘वाघ’ किंवा ‘वाघरू’ म्हणतात, त्यामुळे ‘वाघ आला’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. या नोंदीत घेण्याजोगे सांगणे तेच, ज्यात ऐकणाऱ्याने ‘ठिपके की पट्टे’ असे विचारले आहे आणि उत्तर ‘पट्टे’ असे आले आहे.

अशी उत्तरेही येतात, आणि ती खोटी मानण्याचे कारण नाही. अंगावर खरोखर पट्टे असलेले एक मांसभक्षक जनावर मावळात आहे : तरस. वजन पस्तीस-चाळीस किलोच्या आसपास, पुढचा भाग उंच, पाठ मागे उतरती, मानेपासून पाठीवर आयाळ. ती फुलवली की जनावर आहे त्याहून बरेच मोठे दिसते. मोटारीच्या दिव्यात क्षणभर पाहणाऱ्याला मोठे पट्टेरी अंग दिसते व ते तो प्रामाणिकपणे सांगतो. दुसरे कारण गवताचे : दिव्याच्या आडव्या प्रकाशात काडीकाडीची सावली बिबट्याच्या अंगावर उभ्या रेघांसारखी पडते. अंतराचा अंदाजही रात्री फसतो. पूर्ण वाढलेला नर बिबट्या साधारण ५० ते ७० किलोचा, नर वाघ १८० किलोच्या पुढचा. पण मोजायला शेजारी काही नसेल तर हा तिपटीचा फरक डोळ्याला कळत नाही.

पुरावा : या विषयात सर्वांत विश्वसनीय वस्तू जमिनीवर असते आणि तीच सर्वांत कमी जपली जाते. मांजरकुळातल्या जनावराच्या पाऊलठशात चार बोटे व मागची गादी दिसते. नखे आत ओढलेली असल्याने उमटत नाहीत. गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे असतात. कुत्रा, लांडगा व तरस यांची नखे उमटतात. तरसाचे पुढचे पाऊल मागच्याहून ठळकपणे मोठे असते. बिबट्याचा पुढचा ठसा रुंदीला सुमारे ७ ते ९ सेंटीमीटर, वाघाचा १२ किंवा अधिक. वाघाची मादी वा वयात येणारे पिल्लू आणि मोठा नर बिबट्या यांच्यात गल्लत होऊ शकते, म्हणून एकाच ठशावर निकाल देऊ नये. चालीतले अंतर आणि पुढच्या-मागच्या पावलांचा क्रमही पाहावा.

मावळातली माती या कामाला अवघड आहे. भातखाचराच्या बांधावरच्या ओल्या चिखलात जनावराचे पाऊल रुतते, बोटे फाकतात, घसरले तर मांजराचीही नखे उमटतात. ठसा पडल्यावर सर आली की कडा ढासळतात आणि आठ सेंटीमीटरचा ठसा सकाळपर्यंत अकराचा होतो. उन्हात सुकून चिरलेला ठसाही रुंद भासतो. ताज्या ठशाची कड धारदार असते, तळ गुळगुळीत असतो, त्यात गवताची काडी वा किड्याची वाट नसते. असा ठसा सापडला तर त्यावर घमेले पालथे घालून ठेवावे, शेजारी मोजपट्टी वा नाणे ठेवून बरोबर वरून छायाचित्र घ्यावे. वनरक्षक पूर्वी काचेवर ठसा गिरवून घेत. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा त्याहून बरा, कारण त्यात खोलीही येते.

मारलेल्या जनावराचे निरीक्षण हा दुसरा पुरावा. वाघ साधारणपणे पुठ्ठ्याकडून खायला सुरुवात करतो, बिबट्या पोटाकडून. बिबट्या शिकार झाडावरही चढवतो. दोघेही नरडे धरतात, पण वाघाच्या सुळ्यांतले अंतर स्पष्टपणे जास्त असते. पूर्ण वाढलेली म्हैस पडली असेल तर शंका घ्यायला जागा आहे. वाडग्यातली शेळी, करडू वा कुत्रा गेला असेल तर बहुधा बिबट्याच. हाडे फोडलेली व जवळ पांढरी पडलेली विष्ठा असेल तर तरस येऊन गेले, मात्र ते मेलेल्यावर मागाहून आलेले असू शकते. विष्ठेतील पेशींवरून जनुकीय तपासणी करता येते व तिने जात निर्विवाद ठरते. नमुना कोरड्या कागदात ठेवावा; प्लास्टिकच्या पिशवीत तो कुजतो.

ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत भारतात १९६० च्या दशकापासून रूढ होती. राजस्थानातील सरिस्का प्रकल्पात कागदावर वाघ होते आणि २००५ साली रानात एकही नसल्याचे उघड झाले. त्यानंतर देशाने कॅमेरा सापळ्यांची पद्धत स्वीकारली : प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या छायाचित्रांवरून एकेक वाघ ओळखता येतो. मावळाच्या संदर्भात सरिस्काची आठवण महत्त्वाची आहे. सरकारी ‘आहे’ जसे तपासावे लागले, तसे सरकारी ‘नाही’ही तपासता येण्याजोगे असले पाहिजे. या ‘नाही’चा नेमका अर्थ एवढाच की येथे वाघ ठाण मांडून नाही व पिल्ले वाढवत नाही. एखादा वाघ एका रात्री इथून गेला का, हा प्रश्न वेगळा आहे आणि गणनेच्या आकड्यांतून त्याचे उत्तर मिळत नाही.

भटके वाघ : वयात आलेला नर हद्दीच्या शोधात किती लांब जातो, याची महाराष्ट्रातील उदाहरणे या नोंदीत द्यायलाच हवीत. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक नर २०१९ साली शेतशिवारांतून शेकडो किलोमीटर फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ मार्च २०२१ मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात आला. तेथे कित्येक दशकांनी वाघ दिसत होता. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिवच्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात वाघाचे छायाचित्र मिळाले. तोही टिपेश्वरचा निघाला. शेजारच्या बार्शी भागातल्या शेतकऱ्यांच्या गुरांवर त्या काळात हल्ले झाले.

सह्याद्रीत वाघांचे सर्वांत उत्तरेकडचे मान्य ठिकाण म्हणजे २०१० साली घोषित झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प (कोयना व चांदोली). तेथे २०१८ मध्ये वाघाचे छायाचित्र मिळाले, पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये एक नर नोंदला गेला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याहून एक वाघीण आणून सोडण्यात आली. कोयनेपासून लोणावळा सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर. टिपेश्वरच्या वाघांनी याहून अधिक, आणि बहुतांशी उघड्या मुलखातून, अंतर कापले आहे. महाबळेश्वर, भोर, ताम्हिणी, मुळशी अशी घाटमाथ्याची झाडी तुटकतुटक का होईना जोडलेली आहे. खंडाळ्यापाशी मात्र लोहमार्ग, जुना महामार्ग आणि २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग एका अरुंद पट्ट्यात येतात. ताम्हिणीपर्यंत वाघ येणे कल्पनेपलीकडचे नाही. तो खंडाळा ओलांडून भीमाशंकरकडे जाणे फार कठीण. जो काही शोध घ्यायचा तो म्हणून पवन मावळाच्या दक्षिण कडेला, कोरीगड–तैलबैला बाजूस घ्यावा.

काळा बिबट्या : सह्याद्रीत नोंद आहे; हा रंगभेद आहे, वेगळी जात नव्हे.

कृत्रिम चित्रे : शहरालगत बिबटे दिसू लागल्यापासून संगणकाने रचलेली बिबट्यांची चित्रेही मोबाइलवर फिरतात. मूळ फाइल, वेळ व जागा यांशिवाय छायाचित्र नोंदीस घेऊ नये.

वनखाते व भरपाई : वाघ आणि बिबट्या दोघेही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पशुधनाच्या भरपाईसाठी राज्याच्या यादीत वाघ, बिबट्या, लांडगा, तरस असे सगळेच येतात, तेव्हा भरपाई मिळावी म्हणून शेतकऱ्याला बिबट्याचा वाघ करण्याची गरज नाही. त्याच्या सांगण्यावर संशय घेणाऱ्यांनी ही बाब लक्षात घ्यावी. पंचनाम्यात मात्र ‘वन्यप्राण्याचा हल्ला’ एवढेच लिहून जात गाळू नये. सुळ्यांच्या अंतराचे माप आणि जवळच्या ठशाची रुंदी हे दोन आकडे लिहायला दहा मिनिटे लागतात. ते लिहिले गेले तर तालुक्याचा पंधरा-वीस वर्षांचा इतिहास आपोआप तयार होईल. मृतदेह लगेच उचलला की हा पुरावा कायमचा जातो. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६. जखमी वा अडकलेल्या जनावरांच्या सुटकेत लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र व वन्यजीव रक्षक मावळ या संस्था वनखात्याला साहाय्य करतात.

शेजारील तालुके : जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे उसातल्या बिबट्यांचे क्षेत्र जुन्नर वनविभागात येते, तेथील माणिकडोह निवारा केंद्रात पकडलेले बिबटे ठेवले जातात. मुळशीतील ताम्हिणी अभयारण्य २०१३ चे, भीमाशंकर १९८५ चे.